व्हिएतनामी पारंपरिक आहार आणि आरोग्यविचार

व्हिएतनाममधील बहुसंख्य किन्ह समाजाच्या रोजच्या जेवणात रूढ झालेली आहारपद्धती आणि तिच्याशी निगडित आरोग्यविषयक समजुती. भात, पातळ रस्सा, पालेभाज्या, कच्चा सुवासिक पाला, मासे आणि खारवलेल्या माशांचा अर्क (नुओक माम) हे या आहाराचे मुख्य घटक होत. मांस बेताचे, तळण कमी आणि दुधाचे पदार्थ जवळजवळ नाहीत. अन्न व औषध यांच्यात येथे काटेकोर सीमा मानली जात नाही. ‘भाजीवाचून भात म्हणजे औषधावाचून आजारपण’ या अर्थाची म्हण तेथे प्रचलित आहे.

या आहाराचे गुण सांगताना बहुधा एखाद्या पदार्थाचा किंवा वनस्पतीचा गौरव केला जातो. वस्तुतः त्याची खरी ताकद जेवणाच्या मांडणीत आहे. घरचे जेवण एकाच मोठ्या गोल तबकात मांडतात. त्यात उकडलेली भाजी, एखादा खारट-गोडसर आटवलेला मासा किंवा डुकराचे मांस, रश्श्याचे भांडे आणि मधोमध बुडवून खाण्याच्या पातळ चटणीची वाटी असते. प्रत्येकाच्या हातात भाताचा वाडगा असतो. तबकातला एकेक घास काड्यांनी उचलायचा, वाटीत बुडवायचा आणि भातावर घेऊन खायचा. त्यामुळे खारट पदार्थ थोडा आणि भात-भाजी भरपूर असे प्रमाण सहज राखले जाते. नाळीची भाजी (राऊ मुओंग) उकडल्यावर उरलेले पाणी टाकून देत नाहीत. त्यात लिंबू पिळून किंवा उत्तरेकडे ‘सौ’ नावाचे आंबट फळ ठेचून घालून त्याचाच त्या वेळचा रस्सा करतात. पाण्यात उतरलेली जीवनसत्त्वे व क्षार असे पोटातच जातात.

उन्हाळ्यात उत्तर व्हिएतनाममध्ये होणारा शेतखेकड्यांचा रस्सा या स्वयंपाकाचा उत्तम नमुना आहे. भातखाचरांतले लहान खेकडे धुऊन, पाठीचे कवच काढून, चिमूटभर मिठासह उखळात कुटतात. कूट पाण्यात कालवून गाळतात आणि ते पाणी मंद आचेवर ठेवतात. ते तापू लागले की ढवळणे थांबवतात. मग खेकड्यातील प्रथिने गोठून त्यांचा मऊ थर वर तरंगतो. तो न मोडता बाजूने मायाळूची व तागाची कोवळी पाने सोडतात. सोबत खारवलेली छोटी पांढरी वांगी असतात. खेकडा ‘थंड’ मानला जात असल्याने हा पदार्थ उष्म्याच्या दिवसांचा. महाराष्ट्रात मात्र खेकडा उष्ण समजतात आणि सर्दी-पडशात त्याचा रस्सा देतात. उष्ण-थंड ही चौकट दोन्हीकडे असली, तरी पदार्थांची वाटणी सारखी नाही, हे यावरून ध्यानात येते.

उष्ण-थंड विचार : अन्नाचे गुण थंड, शीतल, सम, उबदार आणि उष्ण असे पाच मानतात. आंबट, कडू, गोड, तिखट आणि खारट या पाच चवी अनुक्रमे काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू व जल या पाच तत्त्वांशी जोडलेल्या आहेत. अम आणि झुओंग (चिनी परंपरेतील यिन व यांग) यांचा तोल शरीरात बिघडला की आजार होतो व तो अन्नाने सावरता येतो, ही मूळ कल्पना. व्यवहारात ती जोड्यांच्या रूपाने दिसते. बदक थंड म्हणून त्याबरोबर आल्याची चटणी. पिल्लू धरलेले बदकाचे अंडे खाताना आले व राऊ राम हा तिखट पाला हवाच. शिंपले व गोगलगायींबरोबर आले किंवा गवती चहा. थंडी वाजून ताप आला, तर कांद्याची पात व तिया तो ही जांभळट पाने चिरून घातलेली गरम भाताची पेज देतात आणि पांघरूण घेऊन घाम येऊ देतात. कोंबडीला लिंबाचे पान, डुकराला कांदा अशा जोड्या मुलांना तोंडपाठ असलेल्या लोकगीतांतही गुंफलेल्या आहेत.

या विचाराच्या उगमाविषयी मतभेद आहेत. इ.स.पू. 111 पासून इ.स. दहाव्या शतकापर्यंत उत्तर व्हिएतनामवर बहुतेक काळ चिनी सत्ता होती. त्या काळात वैद्यकीय ग्रंथांबरोबर ही चौकटही तेथे आली, असे एक मत आहे. भारतीय व ग्रीक वैद्यकातील दोषविचार बौद्ध संपर्कातून पूर्वेकडे गेला आणि चिनी यिन-यांग कल्पनेत मिसळला, असे काही मानववंशशास्त्रज्ञांना वाटते. स्थानिक परंपरा स्वतंत्र व प्राचीन होती, हे मत विसाव्या शतकातील व्हिएतनामी लेखनात आग्रहाने मांडले गेले. परिभाषा आणि सैद्धांतिक सांगाडा चिनी आहे, हे नाकारणे कठीण. परंतु जोड्यांमध्ये येणाऱ्या अनेक वनस्पती दक्षिणेकडच्या आहेत आणि राऊ रामसारखा पाला चिनी स्वयंपाकात फारसा वापरला जात नाही. त्यामुळे जोड्यांचा अनुभव स्थानिक आणि त्यांचे स्पष्टीकरण बाहेरून आलेले, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

आधारग्रंथ : ‘दक्षिणेची औषधे दक्षिणेच्या माणसांसाठी’ हे सूत्र त्वे तिन्ह या बौद्ध भिक्षू-वैद्याच्या नावाशी जोडलेले आहे. परंपरेनुसार त्याचा जन्म सुमारे 1330 मध्ये पूर्वीच्या हाय झुओंग प्रांतात झाला. 1374 मध्ये तो त्रान राजवटीतील राजपरीक्षा उत्तीर्ण झाला आणि 1385 मध्ये त्याला चीनच्या मिंग दरबारी पाठवण्यात आले. तेथेच त्याचा मृत्यू झाला. हा काळ सर्वांना मान्य नाही. त्याच्या नावावरील ग्रंथांच्या हाती असलेल्या आवृत्त्या अठराव्या शतकातील संपादनांवर आधारलेल्या आहेत. ‘होंग न्गिया जाक तु यी थु’ हा ग्रंथ 1717 मध्ये व्हिएतनामच्या ले राजघराण्याच्या दरबाराने छापवला, तर ‘नाम झ्योक थन हिएऊ’ या द्रव्यगुणविषयक ग्रंथाची नवी आवृत्ती 1761 मध्ये निघाली. भाषेच्या आधारे काही अभ्यासक त्याला सतराव्या शतकात ठेवतात. चौदाव्या शतकातील गाभ्यावर पुढील पिढ्यांनी भर घातली असावी, हा मधला मार्ग सध्या अधिक स्वीकारार्ह वाटतो. कालनिर्णय काहीही असो, या ग्रंथातील द्रव्यांत आले, कांदा, तिया तो, निरनिराळ्या भाज्या, मासे आणि पक्षी यांना मोठे स्थान आहे. घरात सहज मिळणाऱ्या वस्तूंनी गरिबाला बरे करता यावे, ही त्यामागील तळमळ आजही मोलाची आहे.

अठराव्या शतकातील ले ह्यू त्राक (मृत्यू 1791) याच्याविषयीची माहिती अधिक भक्कम आहे. ‘हाय थुओंग लान ओंग’ या टोपणनावाने तो ओळखला जातो. त्याचे जन्मवर्ष जुन्या संदर्भांत 1720 असे आढळते. युनेस्कोने 2023 मध्ये त्याच्या त्रिशताब्दीला मान्यता देताना 1724 हे वर्ष धरले. त्याच्या वैद्यकीय संहितेतच पाककृतींचा एक स्वतंत्र भाग आहे. वैद्याने भात, लोणची, मिठाया व शाकाहारी पदार्थ यांची कृती लिहून ठेवावी, याहून अन्न-औषध एकतेचा ठळक पुरावा नाही. 1782 च्या सुमारास त्याला राजधानीत त्रिन्ह घराण्यातील आजारी बालयुवराजावर उपचार करण्यासाठी बोलावण्यात आले. मूल पडद्याआड कोंडलेले, प्रमाणाबाहेर खाऊ घातलेले आणि जास्त कपड्यांत गुंडाळलेले असल्याने त्याची आतली शक्ती क्षीण झाली आहे, असे निदान त्याने केले व आपल्या प्रवासवृत्तात नोंदवले. अतिपोषणाचे इतके स्पष्ट निदान त्या काळातील लेखनात विरळाच.

प्रांतभेद : उत्तरेकडील चव सौम्य, मिरी व व्हिनेगरकडे झुकणारी. मध्य व्हिएतनाममध्ये मिरचीचा वापर अधिक. ह्वे या जुन्या राजधानीत बौद्ध शाकाहारी पाककला विकसित झाली. चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी शाकाहार पाळण्याची प्रथा देशभर आहे. दक्षिणेत साखर, नारळाचे दूध आणि चिंच घातलेला आंबट मासळीचा रस्सा आढळतो. हनोईतील एका प्रसिद्ध मत्स्यपदार्थात शेपू जुडीजुडीने वापरतात. डोंगराळ भागातील अल्पसंख्य समाजांचा आहार वेगळा असून चिकट तांदूळ, मका व रानभाज्या यांवर त्याचा भर आहे.

नुओक माम : लहान ‘का कम’ मासे व मीठ थरावर थर रचून लाकडी पिंपांत सुमारे वर्षभर मुरवतात. फू क्वोक बेटावर साधारण तीन भाग मासळीला एक भाग मीठ हे प्रमाण रूढ आहे. या बेटाच्या उत्पादनाला 2012 मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. मासळीतील प्रथिनांचे विघटन होऊन अर्कात अमिनो आम्ले उतरतात व दर्जा नत्राच्या प्रमाणावरून ठरतो. मात्र दर 100 मिलिलिटरमागे त्यात साधारण 20 ते 25 ग्रॅम मीठ असते. जेवणातली वाटी त्यामुळेच पाणी, लिंबू, साखर, लसूण व मिरची घालून सौम्य करतात.

बाळंतीण व बालक : बाळंतपणानंतर शरीर थंड पडते, या समजुतीने महिनाभर उबेत ठेवून आले, हळद आणि मिरीत आटवलेले मांस वा मासे देतात. दूध वाढावे म्हणून कच्च्या पपईबरोबर शिजवलेले डुकराचे पाय देतात. काही घरांत फळे, पालेभाज्या व आंबट पदार्थ वर्ज्य असतात. अशा पथ्याने आहार एकसुरी होतो.

पथ्यांची मर्यादा 1990 नंतर थान्ह होआ प्रांतात विशेष स्पष्ट झाली. सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेच्या जेरी व मोनिक स्टर्निन यांना गरीब गावांतही काही मुले सुदृढ आढळली. त्यांच्या आया भातखाचरांतील कोळंब्या, छोटे खेकडे व रताळ्याचा पाला भातात मिसळत आणि मुलांना दिवसातून अधिक वेळा भरवत. हे पदार्थ फुकट मिळत असूनही लहान मुलांना चालत नाहीत, असा गावचा समज होता. उपाय तबकाबाहेर शोधावा लागला नाही. शेजारणींनीच शेजारणींना ते शिकवले.

आधुनिक काळ : 1980 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे पहिले संचालक तु जाय यांनी घरची बाग, तळे व गोठा यांची सांगड घालणाऱ्या व्हीएसी पद्धतीचा हिरिरीने प्रसार केला. बागेचा पाला डुकरांना, शेणखत तळ्याला व बागेला, तळ्यातले मासे ताटात, असे हे चक्र. कर्टोलीच्याच प्रजातीतील ‘गक’ या फळाचा लाल गर सणा-लग्नाच्या चिकट भातात वापरतात. त्यात बीटा-कॅरोटीन विपुल असून हा भात खाणाऱ्या मुलांच्या रक्तातील त्याचे प्रमाण वाढल्याचे व्हिएतनाममधील चाचणीत दिसले. पारंपरिक कृतीत भातात चरबी घालतात. त्यामुळे हे द्रव्य शरीरात चांगले शोषले जाते. लोहयुक्त नुओक मामच्या चाचणीत रक्तक्षयी स्त्रियांना सहा महिने रोज 10 मिलिलिटरमधून 10 मिलिग्रॅम लोह देण्यात आले आणि रक्तक्षयाचे प्रमाण घटले. निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले.

पाच ते एकोणीस वयोगटातील वजन जास्त असलेल्या मुलांचे प्रमाण 2010 मध्ये 8.5 टक्के होते. 2020 मध्ये ते 19 टक्क्यांवर गेले. प्रौढांचे मीठसेवन 2015 च्या पाहणीत दिवसाला सरासरी 9.4 ग्रॅम आढळले. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. सरकारी मोहिमेचा संदेश म्हणूनच कढईबरोबर तबकातल्या वाटीलाही लागू होतो : मीठ कमी घाला, हलक्या हाताने बुडवा, खारट पदार्थ कमी करा.