स्टोन आणि पौंड : वजनाचे रूपांतर

स्टोन हे ब्रिटन व आयर्लंडमध्ये मुख्यतः माणसाचे वजन सांगण्यासाठी वापरले जाणारे एकक आहे. १ स्टोन म्हणजे १४ पौंड. पौंडाचे मूल्य १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नेमके ०.४५३५९२३७ किलोग्रॅम ठरलेले असल्यामुळे १ स्टोन ६.३५०२९३१८ किलोग्रॅम भरतो. रोजच्या व्यवहाराला ६.३५ पुरेसे होतात.

स्टोनचे पौंड करायचे तर चौदाने गुणून वरचे पौंड मिळवायचे. ११ स्टोन ४ पौंड म्हणजे १५४ अधिक ४, असे १५८ पौंड, सुमारे ७१.७ किलो. उलट दिशेला पौंडांना चौदाने भागायचे. भागाकार हे स्टोन आणि बाकी हे पौंड. १७३ ला १४ ने भागले की १२ येतात आणि ५ उरतात, म्हणून १२ स्टोन ५ पौंड. ज्याला चौदाचा पाढा पाठ आहे त्याला कागदाची गरज पडत नाही.

खरी अडचण गणकयंत्रावर येते, कारण यंत्र बाकी दाखवत नाही, दशांश दाखवते. १७३ भागिले १४ याचे उत्तर १२.३५७ दिसते आणि घाईत ते १२ स्टोन ३ पौंड असे वाचले जाते. तो ०.३५७ हा स्टोनचा अंश आहे. त्याला पुन्हा १४ ने गुणले तरच ५ पौंड मिळतात. याच कारणाने साडेदहा स्टोन म्हणजे १० स्टोन ७ पौंड (१४७ पौंड), १० स्टोन ५ पौंड (१४५ पौंड) नव्हे. म्हणून स्टोन-पौंडातले वजन दशांशचिन्ह देऊन लिहू नये. ब्रिटनमधील घोड्यांच्या शर्यतींच्या पत्रकात ते ९-७ असे आडव्या रेघेने लिहितात, आणि ती रीत योग्यच आहे. बेरजेतही हातचा दहावर नव्हे, चौदावर येतो : ९ स्टोन १० पौंडांत १ स्टोन ८ पौंड मिळवले की ११ स्टोन ४ पौंड होतात. किलोवरून यायचे असल्यास आधी पौंड करणे सोपे. ६५ किलो गुणिले २.२ म्हणजे १४३ पौंड, म्हणजेच १० स्टोन ३ पौंड.

तराजूच्या पारड्यात खरोखरीचे दगड ठेवून तोलण्याची पद्धत जुनी आहे. आपल्याकडेही धडा करायला (रिकाम्या भांड्याचे वजन बरोबरीत आणायला) दगडच घेत. दगड गावोगावी आणि मालागणिक वेगळा, त्यामुळे इंग्लंडमध्ये एकाच नावाची अनेक वजने रूढ झाली. काचेचा स्टोन ५ पौंडांचा होता, लंडनच्या मांसबाजारात तो ८ पौंडांचा धरत, आणि स्कॉटलंडचा स्टोन तिथल्या १६ पौंडांचा असे. चौदाचा आकडा टिकला तो लोकरीमुळे. मध्ययुगीन इंग्लंडची संपत्ती लोकरीच्या निर्यातीवर उभी होती आणि त्या व्यापारावर राजाचा कर असे, म्हणून लोकरीचे माप नक्की करणे राज्यकर्त्यांना भागच होते. १४ व्या शतकात लोकरीचा स्टोन १४ पौंडांचा आणि पोते २६ स्टोनचे, म्हणजे ३६४ पौंडांचे ठरले. १८३५ च्या वजनमापे कायद्याने हाच स्टोन सर्व मालाला लागू केला. तरी लंडनमधल्या स्मिथफील्डच्या मांसबाजारातला ८ पौंडांचा स्टोन त्यानंतरही बरीच वर्षे चालत राहिला.

८ स्टोन म्हणजे १ हंड्रेडवेट (११२ पौंड) आणि २० हंड्रेडवेट म्हणजे १ ब्रिटिश टन (२,२४० पौंड). अमेरिकेत स्टोन रुजला नाही. तिथे हंड्रेडवेट १०० पौंडांचा व टन २,००० पौंडांचा, आणि माणसाचे वजनही नुसत्या पौंडांत सांगतात. मुष्टियुद्धाच्या वजनगटांत हा फरक ठळक दिसतो : वेल्टरवेटची मर्यादा अमेरिकेत १४७ पौंड, ब्रिटनमध्ये १० स्टोन ७, मिडलवेटची १६० पौंड, म्हणजे ११ स्टोन ६. फ्लायवेटची मात्र बरोबर ८ स्टोन.

ब्रिटनमध्ये १९८५ च्या कायद्याने स्टोन व्यापारी एककांच्या यादीतून गेला. रुग्णालयातल्या नोंदी किलोत होतात, पण रुग्ण, विशेषतः वयस्क मंडळी, आपले वजन स्टोनमध्येच सांगतात. तिथे काम करणाऱ्या मराठी डॉक्टर-परिचारिकांना हे रूपांतर आत्मसात करावेच लागते, कारण अनेक औषधांची मात्रा प्रतिकिलो ठरते आणि तोंडी सांगितलेल्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे असते.

भारतात माणसाचे वजन स्टोनमध्ये मोजण्याची प्रथा पडली नाही. मुंबई-पुण्याच्या शर्यतींतही आता घोड्यांवरचा भार किलोतच देतात. मात्र ब्रिटिश अमदानीत मुंबईचा मण २८ पौंडांचा धरला जाई, म्हणजे बरोबर २ स्टोन. वीस मणांची मुंबई खंडी ५६० पौंडांची, तर कापसाची खंडी २८ मणांची, ७८४ पौंडांची होती. मण आणि शेर दशमान पद्धतीने मोडीत काढले, कापसाची खंडी मात्र राहिली. रुईचे भाव आजही ३५५.६२ किलोंच्या खंडीवर निघतात. ही खंडी म्हणजे तेच ७८४ पौंड, अर्थात ५६ स्टोन.