सुपातला पैसा, खात्यातला पैसा

सोलापुरात बाई कमवत नाही, असं कुणी म्हणू नये. दुपारच्या वेळी पूर्व भागातल्या कुठल्याही बोळात शिरा. मांडीवर सूप घेऊन उंबऱ्याशी विड्या वळणारी बाई दिसेलच. पुरुष मागावर आणि बाई विडीवर, ही इथल्या तेलुगू भाषक घरांतली जुनी वाटणी. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागाची धडधड मंदावली, तेव्हा कित्येक घरांची चूल या सुपानंच पेटती ठेवली. त्यामुळे ‘बाईच्या हाती पैसा आला की घरात तिचा शब्द चालतो’ हे वाक्य ऐकलं की सोलापूरकर जरा अडखळतो. पैसा तर होताच की! मग शब्द का चालला नाही? आणि मूलभूत उत्पन्न, म्हणजे दर माणसाला दरमहा विनाअट मिळणारी ठरलेली रोख रक्कम, आलं तर तो चालेल का?

अर्थशास्त्रानंही या प्रश्नाला बराच काळ बगल दिली. घर म्हणजे एकच गल्ला. त्यात पैसा कुणीही टाकला तरी खर्च तोच होणार, असं अर्थतज्ज्ञ धरून चालायचे. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठीची सवलत बापाच्या करातून काढून आईच्या हाती रोख दिली गेली. कुटुंबाला मिळणारी मदत साधारण तेवढीच, फक्त हात बदलला. लुंडबर्ग, पोलक आणि वेल्स या तिघा अर्थतज्ज्ञांनी १९९७ साली दाखवून दिलं, की त्यानंतर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि पोरांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. दक्षिण आफ्रिकेतलं उदाहरण त्याहून बोलकं आहे. तिथलं वृद्धांचं पेन्शन आजीला मिळत असेल, तर घरातल्या नातींची अंगकाठी सुधारलेली अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांना आढळली. आजोबांच्या पेन्शननं तसं काही झालं नाही.

मग विडीच्या मजुरीनं हे का होऊ नये? इथं अमर्त्य सेन यांचं १९९०चं विवेचन उपयोगी पडतं. घरातली ओढाताण कशाकशावर ठरते हे ते सांगतात, त्यातल्या दोन गोष्टी इथं महत्त्वाच्या. बिनसलंच तर तुमच्याकडे उभं राहायला जागा किती, ही एक. आणि तुम्ही घरात किती आणता याबद्दल घराची समजूत काय, ही दुसरी. विडी घरात वळली जाते, एकीकडे भात शिजतोय, पोराचा अभ्यास चाललाय. त्यामुळे ते ‘काम’ वाटतच नाही. शिवाय मजुरी हजार विड्यांमागे. बाळंतपण आलं, हात दुखला, कारखान्यातून विडीचं पानच मिळालं नाही, की पैसा थांबला. थांबणाऱ्या पैशावर कोण भांडण उभं करणार?

मूलभूत उत्पन्नाची कल्पना नेमकी इथं वेगळी पडते. ते घराला नाही, माणसाला मिळतं. हात थांबला तरी येतं. कशावर खर्च केलं, हे कुणी विचारत नाही. मध्य प्रदेशातल्या काही गावांत ‘सेवा’ या असंघटित कामगार बायकांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं २०११ पासून हा प्रयोग केला. मोठ्या माणसाला महिना २०० रुपये, मुलाला १००, पुढं ३०० आणि १५०. बाईचे पैसे बाईच्या नावावर, मुलांचे आईकडे. रक्कम चिल्लर वाटेल, पण मुलींच्या वजनात आणि शाळेतल्या हजेरीत फरक दिसला. काही बाया दुसऱ्याच्या रानात रोजंदारीला जायच्या, त्या स्वतःच्या शेतात जास्त राबू लागल्या. फुकटचा पैसा माणसाला आळशी करतो, असं सांगणाऱ्यांनी हे शेवटचं पुन्हा वाचावं.

अर्थात सगळं गणित ‘हात कुणाचा’ एवढ्यावर सुटत नाही. केनियात विनाअट रोख दिल्यावर नवऱ्याकडून होणारी मारहाण कमी झाली, आणि ती पैसे नवऱ्याला मिळाले त्या घरांतही. टंचाईचा ताण ओसरला, हेही त्याचं एक कारण असावं. पण लैंगिक जबरदस्ती घटली ती फक्त बायकोला पैसे मिळाले तिथं. हा बारीक फरक मला सगळ्या आकडेवारीपेक्षा जास्त सांगून जातो.

आता आपल्याकडे. ‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपये जुलै २०२४ पासून लागू झाले. खर्चावर अट नाही, पैसा तिच्या स्वतःच्या खात्यात येतो. इथवर मूलभूत उत्पन्नाशी साम्य आहे. पण पात्रता ठरते कुटुंबाच्या अडीच लाखांच्या उत्पन्नावर, आणि घरातली अविवाहित बहीण एकच चालते. २०२५ मध्ये ई-केवायसी आली, तेव्हा नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं तो कुठून आणायचा? अक्कलकोट ओलांडून कर्नाटकात दिलेल्या लेकींची गोष्ट आणखी निराळी. तिथं सरकारच्या ‘गृहलक्ष्मी’ योजनेचे २,००० रुपये घरातल्या कर्त्या बाईला मिळतात. एका छपराखाली सासू-सून असतील तर कर्ती कोण, हे सांगायला नको. माणशी आणि घरटी या दोन शब्दांतलं अंतर सुनेला पक्कं कळतं.

आणि एक काम पैशानं हलत नाही. २०२४च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला २८९ मिनिटं देतात, ते करणारे पुरुष ८८. महिन्याला खात्यात काहीही जमा झालं तरी भांडी कुणी घासायची, हे बँक ठरवत नाही. उलट, घरबसल्या पैसे मिळतात म्हणून बाईला घरातच ठेवलं जाईल, अशी शंका काही स्त्रीवादी अभ्यासक घेतात. शंका रास्त आहे. सोलापुरात मात्र बाई आधीच घरात बसून कमावतेय, तंबाखूची धूळ छातीत घेत.

म्हणून इथं मला घरापेक्षा कारखान्याचं दार जास्त पाहावंसं वाटतं. वळलेल्या विड्या मोजताना काही ‘खराब’ म्हणून बाजूला काढल्या जातात. त्यांची मजुरी नाही. आज ती गुमान सूप उचलते, कारण उद्याचं पान तिथूनच मिळायचं असतं. दर महिन्याला काहीतरी ठरलेलं येणार असेल, तर ती तिथंच उभी राहून विचारेल, “ह्यात खराब काय आहे ते दाखवा की.” १,५०० रुपयांत एवढं बळ येतं का, हे त्या रांगेत उभं राहूनच मोजावं लागेल.