फुटबॉल क्लबची मालकी व आर्थिक पेच (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी वस्त्यांचे फुटबॉल संघ बहुधा गल्लीचे युवक मंडळ किंवा शाळेचे माजी विद्यार्थी यांच्या आधाराने उभे राहतात. त्यांना भागभांडवल नसते, त्यामुळे कंपनीच्या अर्थाने मालकही नसतो. ‘क्लब कोणाचा’ या भांडणात तीन प्रश्न मिसळलेले असतात : कायदेशीर कार्यकारिणी कोणती, बँक खात्यावर सही कोणाची आणि मैदान कोणाच्या नावावर.

कायदेशीर स्वरूप : हा भाग ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुन्या मंडळांच्या बाबतीत दोन कायदे पाहावे लागतात : संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०. दुसऱ्यातील ‘सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था’ या व्याख्येतच धर्मादाय हेतूची नोंदणीकृत संस्था येते. राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ११९ मुळे प्रदेश म्हैसूर राज्यात गेला तरी येथले कायदे लगेच बदलले नाहीत. पहिल्याची जागा म्हैसूरच्या (पुढे कर्नाटकच्या) १९६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाने घेतली. दुसरा मात्र टिकला. १९९७ चा कर्नाटक हिंदू धार्मिक संस्था व धर्मादाय दत्ती अधिनियम २००३ मध्ये अंमलात आला, तेव्हा हा १९५० चा कायदा या भागापुरता रद्द झाला.

फुटबॉल मंडळ ‘धर्मादाय’ ठरते का, याविषयी एकमत नाही. निव्वळ खेळाला उत्तेजन हा धर्मादाय हेतू नव्हे, असा निर्णय इंग्लंडमध्ये १८९५ साली नॉटेज प्रकरणात झाला. तेथे प्रश्न शिडाच्या होड्यांच्या शर्यतीतील चषकासाठी ठेवलेल्या पैशाचा होता. त्या आधारे मंडळाला सभासदांची खाजगी बाब मानणारे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार पावतीपुस्तक घेऊन दारोदार वर्गणी जमवणारे, मुलांना फुकट शिकवणारे मंडळ सार्वजनिक उपयुक्ततेच्या कक्षेत येते. सीमाभागातील रीत पाहता हे दुसरे मत अधिक पटते. ठरावीक सभासदांच्याच पैशावर चालणाऱ्या संघाला मात्र ते लावणे कठीण. हा फरक पुस्तकी नाही. विश्वस्तव्यवस्था म्हणून नोंद असेल तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीविना स्थावर विकता किंवा गहाण टाकता येत नसे, बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने देता येत नसे. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल कळवावा लागे. म्हणून मैदानाचा एखादा जुना व्यवहार वादात आला की तो २००३ च्या आधीचा की नंतरचा, ही तारीख आधी पाहावी लागते.

बिदर निजामाच्या राज्यात असल्याने तेथील जुन्या नोंदी १३५० फसलीच्या (फसली ही निजामी राज्यातील सनगणना) हैदराबादी कायद्याखाली शोधाव्यात. कारवारची स्थिती बेळगावसारखीच.

नोंदणी आणि सह्या : नोंदणीला किमान ७ सभासद लागतात. वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी आणि तपासलेला ताळेबंद निबंधकाकडे द्यायचा असतो. नेमके हेच राहून जाते. चार-पाच वर्षे यादी गेली नाही की कागदावर जुनीच मंडळी पदाधिकारी राहतात, त्यांतला एखादा वारलेलाही असतो. संघ चालवणाऱ्यांना सहीचा अधिकार सिद्ध करता येत नाही. दोन गट झाले की बँक खाते गोठवते आणि संयुक्त अर्ज किंवा न्यायालयाचा आदेश मागते. एकतृतीयांश सभासदांनी अर्ज केल्यास निबंधकाला १९६० च्या कायद्याच्या कलम २५ खाली चौकशी करावी लागते. पण सभासद कोण हे सांगणारे रजिस्टर मावळत्या चिटणीसाच्या कपाटात असते, आणि किल्लीही त्याच्याचकडे.

नावाचा घोळ वेगळाच. जुना दाखला मराठीत किंवा इंग्रजीत, नवी नक्कल कन्नडमध्ये, पॅन कार्डावर तिसरेच स्पेलिंग. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले, त्यामुळे नावात गाव असलेल्या मंडळांची आणखी पंचाईत झाली. तिन्ही कागद जुळवण्याचा ठराव वेळीच केला नाही तर प्रायोजकाचा धनादेश परत जातो.

पैसा : वर्गणी, गणेशोत्सवातील शिल्लक, स्पर्धेची प्रवेश फी, व्यापाऱ्याची किंवा पुढाऱ्याची देणगी ही उत्पन्ने. ती सणासुदीला आणि निवडणुकीच्या सुमारास येतात. बूट, जर्सी, पंच, प्रवास, बाहेरून आणलेल्या खेळाडूचे मानधन हा खर्च स्पर्धेच्या आठवड्यात उभा राहतो. मधली तूट चिटणीस खिशातून, भिशीतून किंवा सोसायटीच्या वैयक्तिक कर्जातून भागवतो. ती रक्कम ‘देणगी’ की ‘उसनवार’ हे वहीत त्याच दिवशी न लिहिल्याने पुढे ‘क्लब माझ्यामुळे चालला, म्हणून माझा’ हा दावा उपजतो. उसनवारीला ठराव, रक्कम आणि परतफेडीची मुदत हवी. एवढे असूनही पैसे घालणारा धनको ठरतो, मालक नाही. संस्था विसर्जित झाली तरी उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, हे तत्त्व १८६० च्या कायद्यापासूनचे आहे.

मैदान : कॅम्पातील लष्करी जमिनीची नोंद जनरल लँड रजिस्टरमध्ये असते, तेथे खेळण्याची परवानगी म्हणजे हक्क नव्हे. इतरत्र उतारा पाहावा.

गुंतवणूकदार : मोठ्या क्लबांनी गुंतवणूकदार घेण्यासाठी वेगळी कंपनी काढली. कोलकात्याच्या मोहन बागानच्या २०२० च्या व्यवस्थेत ८० टक्के हिस्सा एटीके या दुसऱ्या फुटबॉल क्लबच्या मालकगटाकडे, २० टक्के जुन्या क्लबकडे राहिला. कोलकात्याच्याच ईस्ट बंगाल क्लबने त्याच वर्षी श्री सिमेंट या कंपनीशी प्राथमिक करार केला, पण अंतिम करारावर सही करण्यास क्लब तयार झाला नाही. २०२२ मध्ये दोघे वेगळे झाले. गल्लीच्या मंडळाने असा करार करताना नाव, बोधचिन्ह आणि खेळाडूंची नोंदणी मुदतीपुरतीच द्यावी आणि मुदत संपल्यावर ती मंडळाकडे परत येईल, हे कलम पहिल्याच कागदात घालावे.