कोळशाभोवती आखलेली सीमा : सारलँडची पार्श्वभूमी

टपाल तिकिटांचा एखादा जुना अल्बम चाळताना जर्मनीची पानं उलटता उलटता मध्येच ‘सार’ नावाचं वेगळं पान लागतं. सुरुवातीची तिकिटं १९२० ची. मुकुट घातलेली जर्मानिया, म्हणजे जर्मन साम्राज्याचं नेहमीचं तिकीट, आणि तिच्यावर काळ्या शाईत ठळक फ्रेंच अक्षरं : ‘सार’. पुढे खाणी आणि खाणकामगारांची चित्रं येतात. १९३५ नंतर पान एकदम रिकामं. १९४७ पासून तिकिटं पुन्हा सुरू. अगदी शेवटी, १९५७ ते १९५९ या काळातली तिकिटं आहेत. त्यांच्यावर नाव जर्मन टपालखात्याचं आहे, पण किंमत फ्रँकमध्ये. एवढ्याशा कागदावर दोन देश एकमेकांना खेटून उभे आहेत. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर जमिनीच्या वर नव्हे, जमिनीखाली बघावं लागतं.

आजचं सारलँड सुमारे २,५७० चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या गोव्याहूनही लहान. लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास. बर्लिन, हॅम्बुर्ग आणि ब्रेमेन ही शहर-राज्यं सोडली तर जर्मनीतलं हे सर्वांत छोटं राज्य. दक्षिणेला आणि पश्चिमेला फ्रान्स, एका कोपऱ्यात लक्झेंबर्ग. महत्त्वाची गोष्ट ही, की आजच्या हद्दींच्या जवळपास जाणारा ‘सार’ नावाचा प्रदेश १९२० पूर्वी अस्तित्वातच नव्हता. सार नावाची नदी होती, गावं होती, पण मालक अनेक.

केल्ट टोळ्यांनी ओट्झेनहाउझेनला बांधलेल्या दगडी तटाचे अवशेष अजून जंगलात उभे आहेत, आणि नेनिगला एका रोमन हवेलीची भव्य मोझेक फरशी जिथल्या तिथे जपलेली आहे. आजची राजधानी सारब्र्युकेन, तिथल्या किल्ल्याचा उल्लेख ९९९ मधला. सम्राट तिसरा ऑटो याने तो मेट्झच्या बिशपला दिला. मेट्झ आज फ्रान्समध्ये आहे, पण तेव्हा या दोन गावांमध्ये सीमा नव्हती. पुढची काही शतकं सारब्र्युकेनचे काउंट, त्यांच्यानंतर नासाउ घराणं, ट्रियरचे आर्चबिशप, लोरेनचे ड्यूक अशी वाटणी चालू राहिली. तीस वर्षांच्या युद्धात हा मुलूख जवळजवळ ओस पडला.

मग आला चौदावा लुई. त्याने १६८० मध्ये सारच्या काठावर एक नवंकोरं किल्लेशहर वसवायला घेतलं. आखणी त्याचा दुर्गरचनाकार व्होबाँ याची, नाव राजाचं : सारलुई. या एका गावाच्या नावात सगळा इतिहास वाचता येतो. १६९७ च्या तहात लुईला आसपासचा मुलूख सोडावा लागला, पण सारलुई त्याने सोडलं नाही. १७६९ मध्ये तिथेच जन्मलेला एक मुलगा पुढे ‘मार्शल मिशेल ने’ या नावाने नेपोलियनचा सेनानी झाला. फ्रेंच क्रांतीत राजाचं नाव नको म्हणून गाव झालं ‘सारलिब्र’, मुक्त सार. १८१५ मध्ये गाव प्रशिया या जर्मन राज्याकडे गेलं. नाझींना फ्रेंच राजा खुपत होता, म्हणून १९३६ मध्ये ‘सारलाउटर्न’. युद्ध संपल्यावर पुन्हा सारलुई. गावच्या चिन्हात लुईची लिलीची फुलं आजही आहेत.

कोळशाची गोष्ट अठराव्या शतकात वळण घेते. तोवर शेतकरी आपापल्या शिवारात जमेल तसा कोळसा उकरून काढत. नासाउ-सारब्र्युकेनचा राजा विल्हेल्म हाइनरिश याने १७५० च्या दशकात खाणी सरकारजमा केल्या. श्टेंगेल या वास्तुविशारदाने त्याच्यासाठी उभारलेली डौलदार बरोक शैलीची राजधानी पाहायला लोक आज लांबून येतात. पण माझ्या मते त्या राजाचा खरा वारसा म्हणजे खाणींवरची सरकारी मालकी. क्रांतीनंतर खाणी फ्रेंच सरकारकडे गेल्या, १८१५ नंतर प्रशियाकडे. मालक बदलत गेला, पण खाणी बव्हंशी सरकारच्याच राहिल्या. त्यामुळेच पुढे तहाच्या एका कलमाने त्या सगळ्या एकदम दुसऱ्या देशाच्या नावावर करता आल्या.

१८५२ मध्ये रेल्वे आली आणि कोळशाला लांबची गिऱ्हाइकं मिळाली. १८७३ मध्ये फोल्कलिंगेनला लोखंडाचा कारखाना निघाला. १८८१ मध्ये तो कार्ल रोशलिंगने घेतला, आणि काही वर्षांतच नदीकाठी झोतभट्ट्यांची रांग उभी राहिली. खाणींना माणसं कमी पडू लागली. ती आली उत्तरेकडच्या कोरडवाहू खेड्यांतून. सोमवारी पहाटे पाठीवर आठवड्याची शिदोरी बांधून निघायचं, काही तास चालून खाण गाठायची, आठवडाभर खाणीच्या निवासात दाटीवाटीने झोपायचं आणि शनिवारी पुन्हा पायी घरी. या लोकांना तिकडे ‘कडक पायांचे’ म्हणत.

माणसं टिकावीत म्हणून प्रशियाच्या खाण प्रशासनाने १८४० च्या दशकापासून एक योजना राबवली. खाणीच्या परिसरात स्वतःचं घर बांधणाऱ्या कामगाराला बक्षीस रक्कम आणि बिनव्याजी कर्ज मिळे. हेतू उघड होता. घराचा हप्ता आणि परसातला बटाटा ज्याच्या मागे आहे, तो सहजासहजी संपावर जात नाही की गाव सोडत नाही. पण कामगाराला हक्काचं छप्परही मिळालं. घराला लागून गोठा असे आणि गोठ्यात बकरी. ‘खाणकामगाराची गाय’ असंच तिला म्हणत. आज जर्मनीत स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं प्रमाण सर्वाधिक असलेलं राज्य सारलँडच आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कर्जवाटपाचा माग आजच्या आकडेवारीत लागावा, हे मला फार विलक्षण वाटतं.

पहिल्या महायुद्धात माघार घेताना जर्मन सैन्याने उत्तर फ्रान्समधल्या कोळसाखाणी उद्ध्वस्त केल्या होत्या. भरपाई म्हणून व्हर्सायच्या तहाने सारच्या खाणी फ्रान्सच्या मालकीच्या केल्या आणि प्रदेशाचा कारभार १५ वर्षांसाठी राष्ट्रसंघाच्या पाच जणांच्या आयोगाकडे सोपवला. सीमा कशी आखली? कोळशाचे थर जिथे आहेत आणि खाणीत उतरणारी माणसं जिथे राहतात, ती गावं आत घेतली. त्या कडक पायांनी तुडवलेल्या वाटाच नकाशावर आल्या. प्रशियाचा तुकडा आणि बव्हेरियाचा तुकडा शिवून एक नवा प्रदेश झाला. १० जानेवारी १९२० ही त्याची जन्मतारीख.

लोकांना हे मुळीच रुचलं नाही. खाणींचा मालक फ्रान्स, नोटा फ्रँकच्या, वर खाण प्रशासनाने काढलेल्या फ्रेंच शाळांत मुलं घालावीत म्हणून कामगारांवर दबाव. १९२३ मध्ये खाणकामगारांचा संप सुमारे शंभर दिवस चालला. ‘एकदाचे १९३५ येऊ दे, मग परत जर्मनी’ हीच घरोघरची भावना होती. पण १९३५ उजाडेपर्यंत त्या जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन दोन वर्षं होत आली होती.

१३ जानेवारी १९३५ च्या सार्वमतात पर्याय तीन होते : जर्मनी, फ्रान्स किंवा राष्ट्रसंघाचाच कारभार पुढे चालू. तहावर सही झाली त्या दिवशी, म्हणजे २८ जून १९१९ ला, जो तिथे राहत होता त्याला मताचा हक्क होता. मग आज तो कुठेही असो. त्यामुळे अमेरिकेतूनही लोक बोटीने मत द्यायला आले. बंदोबस्ताला ब्रिटिश, इटालियन, स्वीडिश आणि डच सैनिक होते. माक्स ब्राउन यांचे समाजवादी आणि कम्युनिस्ट एकत्र येऊन जीव तोडून सांगत होते की आत्ता नको, हिटलर असेपर्यंत नको. दुसरीकडे ट्रियर आणि श्पायरचे बिशप जर्मनीकडे परतण्याच्या बाजूने उभे राहिले. कॅथलिक खाणकामगारांच्या घरांत त्या शब्दाला वजन होतं. निकाल लागला : जर्मनीला सुमारे ४ लाख ७७ हजार मतं, म्हणजे ९० टक्क्यांहून अधिक. राष्ट्रसंघाला ४६ हजारांच्या वर, फ्रान्सला जेमतेम दोन हजार.

ही सगळी मतं हिटलरला होती असं म्हणणं मला पटत नाही. बहुतेकांनी मत दिलं ते आपल्या भाषेला, आपल्या नात्यागोत्याला. पण फायदा त्यानेच उचलला, आणि ४६ हजारांपैकी हजारो लोकांना रातोरात सीमा ओलांडून फ्रान्स गाठावं लागलं. ते बरोबर होते. ही गोष्ट त्यांच्या हयातीत फार थोड्यांनी मोठ्याने कबूल केली.

युद्धानंतर चक्र पुन्हा फिरलं. फ्रान्सने १९४६ च्या डिसेंबरात सार आणि उरलेल्या जर्मनीमध्ये जकातीची सीमा उभी केली, १९४७ मध्ये फ्रँक आणला. स्वतंत्र राज्यघटना झाली आणि योहानेस होफमान मुख्यमंत्री झाले. हे गृहस्थ कॅथलिक पत्रकार होते. १९३५ मध्ये हिटलरविरोधात उभे राहिल्यामुळे त्यांना देश सोडावा लागला होता. जर्मनी-फ्रान्समधलं वैर सारमध्येच संपवता येईल असं त्यांना मनापासून वाटत होतं. दोन्ही भाषांत शिकवणारं विद्यापीठ १९४८ मध्ये सुरू झालं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सारचा स्वतंत्र संघ उतरला. १९५४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीत सारने नॉर्वेला ऑस्लोमध्ये ३-२ ने हरवलं आणि पश्चिम जर्मनीशी दोन सामने खेळले. दोन्ही हरले. त्या संघाचे प्रशिक्षक हेल्मुट श्योन पुढे १९७४ मध्ये पश्चिम जर्मनीला विश्वविजेते करणार होते. मात्र या राज्याला दुसरी बाजूही होती. जर्मनीत सामील व्हा म्हणणाऱ्या पक्षांना १९५५ च्या उन्हाळ्यापर्यंत परवानगीच नव्हती.

त्या दडपलेल्या रागाला तोंड फुटलं २३ ऑक्टोबर १९५५ च्या सार्वमतात. पॅरिस आणि बॉन, म्हणजे फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीच्या सरकारांनी मिळून आराखडा केला होता, की सारला युरोपीय दर्जा मिळावा आणि फ्रान्सशी आर्थिक नातं राहावं. खुद्द पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर यांनी ‘हो म्हणा’ असं आवाहन केलं. तीन महिन्यांच्या प्रचारात एकाच घरात भावाभावांचं बोलणं बंद झालं, आणि ‘तो जाड्या गेलाच पाहिजे’ ही होफमान यांच्यावरची घोषणा गावोगाव गाजली. ६७.७ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. होफमान यांनी लगेच राजीनामा दिला. नकारानंतर काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तरीही फ्रान्सने तो जर्मनीचा कौल मानला. माझ्या लेखी या सगळ्या कथेतला सर्वांत मोठ्या मनाचा क्षण हाच.

१ जानेवारी १९५७ ला सारलँड पश्चिम जर्मनीच्या संघराज्यात आलं. त्यासाठी घटनेचं जे २३ वं कलम वापरलं, त्याच वाटेने १९९० मध्ये पूर्व जर्मनी आली. पूर्व जर्मनीवर अठरा वर्षं सत्ता गाजवणारे एरिश होनेकर जन्माने सारचेच, नॉइनकिर्शेनचे. फ्रँक जाऊन मार्क आला तो ६ जुलै १९५९ ला. तोवरची अडीच वर्षं म्हणजे अल्बममधली ती शेवटची तिकिटं.

ज्या कोळशापायी हे सगळं घडलं त्याने पुढे फार काळ साथ दिली नाही. ७ फेब्रुवारी १९६२ ला लुइझेनथालच्या खाणीत स्फोट होऊन २९९ कामगार गेले. फोल्कलिंगेनच्या भट्ट्या १९८६ मध्ये विझल्या. तो कारखाना आता जागतिक वारसा आहे. २००८ मध्ये खोदकामामुळे झालेल्या भूकंपाच्या धक्क्याने घरांना तडे गेले आणि लोक रस्त्यावर उतरले. ३० जून २०१२ ला शेवटची खाण बंद झाली.

सीमा आहे तिथेच आहे. १९९७ पासून सारब्र्युकेनची ट्राम ती ओलांडून फ्रान्समधल्या सार्गमीनपर्यंत जाते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे हीच सीमा अचानक अडवली गेली. नाक्यावर पुन्हा पोलीस दिसले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्या माणसांना ते दृश्य नवीन नव्हतं.