रक्त पातळ करणारी गोळी रक्त पातळ करत नाही

पायात गुठळी झालेल्या माणसाला ‘रक्त पातळ करायची’ गोळी दिली जाते. नाव रुळलंय, पण फसवं आहे. गोळी घेतल्यावरही रक्त आधीइतकंच दाट असतं. बरं, ती गुठळी विरघळवतही नाही. मग ती करते काय?

पायातलं रक्त वर चढवण्याचं बरंचसं काम पोटरी करते. चालताना तिचे स्नायू आवळतात, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि शिरांमधल्या झडपा रक्ताला खाली घसरू देत नाहीत. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर माणूस पडून राहिला किंवा पाय प्लास्टरमध्ये अडकला की हा पंप थंडावतो. झडपांमागच्या खोबणीत रक्त रेंगाळतं आणि गोठू लागतं. कॅन्सर, गरोदरपण, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या किंवा आनुवंशिक दोष असला तर ते आणखी सहज गोठतं.

बहुतेकदा एकच पाय सुजतो, दुखतो, गरम लागतो. डॉपलर सोनोग्राफीत गुठळी दिसते. खरी भीती असते ती तुकडा सुटून फुफ्फुसात अडकण्याची. अचानक धाप लागली, छातीत कळ आली तर घरी थांबायचं नाही, लगेच रुग्णालय गाठायचं.

रक्त गोठतं ते साखळीनं: एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला. हेपॅरिनचं इंजेक्शन, वॉरफरिन, रिव्हारोक्सॅबान, अपिक्सॅबान ही औषधं या साखळीच्या वेगवेगळ्या कड्या रोखतात. गुठळी वाढायची थांबते, बस्स. ती विरघळवायचं काम प्लाझ्मिन नावाचं शरीराचंच एन्झाइम करतं, आठवडे-महिने लावून. औषध त्याला तेवढा वेळ मिळवून देतं.

आणि एवढंही पुरतं. 1960 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत फुफ्फुसात गुठळी गेलेल्या 19 जणांना हे उपचार दिले नव्हते. त्यातले 5 जण त्याच आजारानं गेले. उपचार मिळालेल्या 16 जणांत असा एकही मृत्यू झाला नाही. हा फरक दिसताच चाचणीचा तो टप्पा थांबवण्यात आला.

वॉरफरिनची जन्मकथा मात्र विचित्र आहे. 1920च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेलं गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावानं मरू लागली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं त्यातलं विष शोधलं. त्याच कुळातलं वॉरफरिन 1948मध्ये बाजारात आलं ते उंदीर मारायला! माणसांसाठी ते 1954मध्ये मंजूर झालं. रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन केच्या कामात ते आडवं येतं. हे व्हिटॅमिन पालेभाज्यांत भरपूर असतं, म्हणून त्या रोज साधारण सारख्याच खायच्या आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) तपासत राहायचं. रिव्हारोक्सॅबान, अपिक्सॅबान या नव्या गोळ्यांना ही कटकट नाही.

गुठळी थेट विरघळवणारी औषधंही आहेत. पण त्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ती जिवावर बेतलेल्या रुग्णांसाठी राखून ठेवतात. बाकीच्यांना निदान तीन महिने गोळ्या. शस्त्रक्रियेसारखं कारण येऊन गेलं असेल तर त्यानंतर सहसा बंद करतात. कारणच सापडलं नाही तर पुष्कळदा पुढेही चालू ठेवाव्या लागतात. आणि गुठळी गेली तरी झडपा कधीकधी कायमच्या निकामी होतात. मग दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी तोच पाय जड होतो.