रस्ता टिकतो तो डांबराखाली

खानदेशात पावसाळ्यात रस्ता उखडला की सगळे डांबराला नावं ठेवतात. दोष पुष्कळदा बराच खाली असतो. तापी खोऱ्यातली आपली काळी जमीन कपाशीला भरभरून देते, पण रस्त्याशी तिचं जमत नाही. मे महिन्यात तिच्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. चांगला पाऊस झाला की भेगा मिटतात आणि जमीन फुगून वर येते. तिच्यात माँटमोरिलोनाइट हे खनिज असतं. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतं.

रस्त्याचा पाया म्हणजे खालची कोरडी जमीन, हे ठासून सांगितलं जॉन मॅकॅडम या स्कॉटिश माणसाने. 1816 मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांची जबाबदारी त्याच्याकडे आली. जमीन कोरडी राहिली तर ती कितीही भार पेलेल, म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीहून उंच ठेवा, मधोमध किंचित फुगीर करा, कडेला चर खणा, एवढंच त्याचं म्हणणं. वर हाताने फोडलेली बारीक खडी. बैलगाडी-घोडागाडीच्या लोखंडी धावांखाली खडीची भुकटी व्हायची आणि तीच फटी भरून खडी घट्ट बसवायची.

मोटारीने हे गणित मोडलं. कार्ल बेंझने 1886 मध्ये पेटंट घेतलं आणि पुढच्या वीसेक वर्षांत वेगाने फिरणाऱ्या रबरी चाकांनी ती भुकटी उडवून न्यायला सुरुवात केली. धुळीने लोक हैराण झाले, खडी सुटी झाली. 1902 मध्ये मोनॅकोत गुल्येल्मिनेत्ती नावाच्या एका स्विस डॉक्टरने रस्त्यावर गरम डांबर पसरून पाहिलं, ते धूळ बसावी म्हणून. आज डांबराचं त्याहून मोठं काम पाणी वरच अडवण्याचं आहे.

मग भाराचा प्रश्न आला. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर दोन वर्षं ट्रक फिरवले गेले. निष्कर्ष धक्कादायक होता: आसावरचं वजन दुप्पट केलं तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होते. नुसतं वीस टक्के जादा वजनही झीज दुपटीवर नेतं. रावेर-सावद्याहून केळी भरून उत्तरेकडे निघालेला ट्रक काटोकाट भरताना हा हिशेब डोळ्यांपुढे असायला हवा.

आपल्याकडे माती आणि भार हे दोन्ही एकत्र येतात. त्यातही कडेची माती आधी भिजते आणि आधी सुकते, मधली मात्र फारशी हलत नाही. म्हणून काळ्या रानातल्या रस्त्याला साईडपट्टीलगत, रस्त्याच्या लांबीने जाणारी लांबच लांब भेग पडते. पुढच्या वेळी जाताना नक्की बघा. त्या भेगेतून पाणी आत गेलं की रस्ता खचायला वेळ लागत नाही.

यावरचा एक चांगला उपाय भारतातच तयार झाला. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर देण्याची पद्धत विकसित केली. योग्य प्रतीचा चिकट मुरूम त्यासाठी चालतो. थर 60 सेंटिमीटर ते 1 मीटर जाड लागतो. नुसती वाळू टाकून भागत नाही, कारण वाळूतून पाणी सरळ खाली काळ्या मातीपर्यंत पोचतं.