शेपटी झाडाची, डोके कारखान्यातले

चेहरा धुण्याची एक पावडर मी गेले तीन आठवडे वापरून पाहत आहे. तिच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत 'वनस्पतिजन्य' आणि त्याच्याच खाली 'सौम्य' असे छापलेले आहे. हे दोन शब्द असे एकाखाली एक आले की पहिल्या गुणामुळेच दुसरा आला, असा वाचणाऱ्याचा सहज समज होतो. पावडर खरोखरच सौम्य आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्या सौम्यतेचे श्रेय झाडाला द्यायचे की आणखी कशाला, हा रसायनशास्त्रातला अतिशय सुंदर प्रश्न आहे.

अर्धा चमचा पावडर तळहातावर घेऊन तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकले की आधी तिची गुठळी होते, बोटाने घोळवल्यावर किंचित रवाळ असा दाट लेप होतो आणि आणखी थोडे पाणी मिळाले की बारीक, दुधाळ फेस येतो. या फेसात मी सामू, म्हणजेच पीएच (हा आकडा जितका कमी, तितका पदार्थ अधिक आम्लधर्मी), मोजण्याच्या कागदाची पट्टी बुडवली, तेव्हा ती पिवळसर झाली; रंगांच्या तक्त्यानुसार सामू 5 ते 6 च्या दरम्यान होता. नेहमीच्या अंगाच्या साबणाच्या फेसात दुसरी पट्टी बुडवली, तर ती निळी पडली, म्हणजे सामू 9 च्याही पुढे होता. सामूच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक असतो, त्यामुळे 5 आणि 9 यांच्यातील अंतर दहा हजारपट होते. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग स्वतः आम्लधर्मी असतो आणि त्याचा सामू साधारण 5 च्या आसपास असतो. शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी 1928 साली या गुणधर्माला 'आम्लकवच' असे नाव दिले. त्वचेच्या वरच्या थरातील सेरामाइड नावाचे स्निग्ध पदार्थ तयार करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, आम्लधर्मी वातावरणातच नीट काम करतात, म्हणून हे कवच महत्त्वाचे आहे.

डब्यावरील यादीत ओटचे पीठ, तांदळाचा स्टार्च आणि पपईतील पपेन हे विकर यांची नावे आहेत. पीठ आणि स्टार्च चेहऱ्यावरचे तेल थोडेफार टिपून घेतात आणि स्पर्श मऊ करतात. परंतु फेस आणण्याचे आणि मळ सोडवण्याचे मुख्य काम सोडियम कोकोइल आयसेथियोनेट या लांबलचक नावाच्या पदार्थाचे आहे. त्या नावातील 'कोको' म्हणजे नारळ.

खरी गोष्ट येथे सुरू होते. खोबरेल तेलातील मेदाम्लांपैकी जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते, म्हणजे बारा कार्बन अणूंची एक साखळी. या साखळीला पाणी नकोसे असते आणि तेल हवेसे असते. तिच्या एका टोकाला पाण्याची ओढ असलेला अणूंचा गट जोडला की मळ काढणारा रेणू तयार होतो. साखळी ही त्याची शेपटी आणि तो गट हे त्याचे डोके. कॉस्टिक सोड्याने खोबरेल तेलापासून साबण केला, तर डोके कार्बॉक्झिलेटचे, म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजन अणूंच्या एका गटाचे, असते. हे डोके त्वचेच्या सामूला टिकत नाही. ते हायड्रोजन पकडून पुन्हा न विरघळणारे मेदाम्ल होते, त्यामुळे त्वचेइतका आम्लधर्मी असा खरा साबण बनवताच येत नाही. त्याच खोबरेल तेलापासून सोडियम लॉरिल सल्फेटही तयार करता येते. त्याला आम्लाचा त्रास होत नाही, तरीही ते त्वचेला इतके झोंबते की प्रयोगात मुद्दाम दाह निर्माण करायचा असेल, तेव्हा त्वचातज्ज्ञ हाच पदार्थ वापरतात. आयसेथियोनेट हे त्याच कुळातले तिसरे भावंड, आणि तेच एवढे शांत कसे?

पाण्यात अशा रेणूंची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की ते शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून गोळे बांधतात. या गोळ्यांना मायसेल म्हणतात आणि लॉरिल सल्फेटच्या एका मायसेलमध्ये साधारण साठ रेणू असतात. तेल आणि मळ या गोळ्यांच्या पोटात शिरून धुऊन जातो. त्वचेत फक्त सुटे रेणू शिरू शकतात, एवढे मोठे गोळे बाहेरच अडतात, असे पूर्वी मानले जात असे. तसे असते, तर मर्यादा ओलांडल्यानंतर त्रास वाढायला नको होता, कारण त्यापुढे घातलेला प्रत्येक रेणू गोळ्यात जातो आणि सुट्या रेणूंची संख्या जवळजवळ तेवढीच राहते. प्रत्यक्षात लॉरिल सल्फेट वाढवत गेले की त्रासही वाढत जातो. हे कोडे अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी आकार मोजून सोडवले. त्वचेच्या वरच्या थरातील स्निग्ध पदार्थांमधून पाण्याच्या अतिसूक्ष्म वाटा जातात आणि त्यांची त्रिज्या 3 नॅनोमीटरच्या आसपास असते. लॉरिल सल्फेटच्या मायसेलची त्रिज्या सुमारे 2 नॅनोमीटर असल्याने ते त्या वाटेने आत उतरते. कोकोइल आयसेथियोनेटच्या मायसेलची त्रिज्या मात्र 3.3 नॅनोमीटरहून थोडी अधिक आहे, म्हणून ते दारातच अडते. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर, आणि अशा दीड नॅनोमीटरपेक्षाही कमी फरकावर चेहरा ओढल्यासारखा होणार की नाही, हे बऱ्याच अंशी ठरते, याचे मला तीन आठवडे रोज नव्याने आश्चर्य वाटत आले आहे.

आता श्रेयाची वाटणी करू. शेपटी तिन्ही भावंडांची एकाच झाडाची आहे, तेव्हा फरक डोक्याने पडतो. आयसेथियोनेटचे डोके इथिलीन ऑक्साइडपासून बनते आणि ते सामान्यतः खनिज तेल किंवा नैसर्गिक वायूपासून मिळवले जाते. म्हणजे 'वनस्पतिजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या या पावडरचा सौम्यपणा प्रामुख्याने तिच्या कारखान्यात तयार झालेल्या भागातून येतो. 'केमिकल-फ्री' हा जाहिरातीतला शब्द म्हणूनच मला दिशाभूल करणारा वाटतो; पाणीही रसायनच आहे. उलट, जे झाडातून थेट आले ते निरुपद्रवीच असते, असेही नाही. पपेन हे प्रथिने तोडणारे विकर आहे आणि काही लोकांना त्याची तीव्र ॲलर्जी होते. जखमांवर लावण्याची पपेनयुक्त, मान्यता नसलेली औषधे बाजारातून काढण्याचा आदेश अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2008 साली याच कारणामुळे दिला होता. ज्यांना पपईची ॲलर्जी आहे, त्यांनी अशी पावडर टाळावी.

पावडरच का, याचे उत्तर तुलनेने सोपे आहे. कोकोइल आयसेथियोनेट थंड पाण्यात फार कमी विरघळते, लेप रवाळ लागतो तो यामुळेही. शिवाय डोके आणि शेपटी यांना जोडणारा एस्टर बंध पाण्यात दीर्घकाळ राहिला तर हळूहळू तुटतो. पपेनही पाण्यात आपली शक्ती गमावते आणि कोरडेपणात जिवाणू वाढत नाहीत. हे सर्व फायदे डबा कोरडा असेपर्यंतच टिकतात. दुसऱ्या आठवड्यात मी ओल्या बोटांनी पावडर काढली आणि डबा न्हाणीघरात उघडा राहिला, तेव्हा वरच्या थराच्या हरभऱ्याएवढ्या घट्ट गुठळ्या झाल्या. त्या मी काढून टाकल्या. आता डबा खोलीतल्या कपाटात असतो आणि त्यात एक कोरडा चमचा ठेवलेला असतो.